सातवी ब, शनिवारचा शेवटचा तास

यातलं एक अक्षरही पदरचं नाही. ज्या संघप्रियाबाईंवर हे बेतलं, त्या आजही त्या शाळेचं नाव निघालं की विषय बदलतात.

८ जून १९९६. शनिवार, दुपारचे तीन. भाईंदर पूर्व, जेसल पार्कच्या पुढची एक शाळा. सोमवारी शाळा उघडणार होती.

शाळेत पहिलाच कॉम्प्युटर आला होता. वेळापत्रक आता तो करणार होता.

"सोमवारी प्रार्थनेआधी बोर्डावर टाइमटेबल हवं," हेडमास्तर शिवदास सर संघप्रियाला म्हणाले होते. "नाही लागलं, तर कायम व्हायची ऑर्डर विसरा."

तीन वर्षं टेंपररी. घरी आजारी वडील, दोन भावंडं शिकणारी. संघप्रियाला ती ऑर्डर हवीच होती.

तिने गेल्या वर्षीचा पेन्सिलने आखलेला तक्ता समोर घेतला. बावीस शिक्षक, चौदा वर्ग. सगळं भरलं.

कॉम्प्युटर ओरडला.

एक तास रिकामा.

सातवी ब. शनिवार. शेवटचा तास.

तक्त्यातली ती चौकट खोडून खोडून झिजली होती. तिथे चक्क भोक पडलं होतं...

"बाबाजी, इथे काय होतं हो?"

शाळेचे जुने शिपाई बाबाजी दारातच थांबले.

"तक्ता द्वारकाबाई करायच्या. ती चौकट रिकामी ठेवायच्या. अकरा वर्सं. कुनाचं नाव लिवायच्या, लगेच खोडायच्या."

"का?"

"म्हाईत न्हाय. गेल्या साली सरांनी जोर केला, तवा बोर्डावरच्या तक्त्यात सोताचंच नाव लिवलं."

द्वारकाबाई एप्रिलमध्ये गेल्या. शनिवारी, शेवटच्या तासाला, सातवी बच्या खुर्चीत बसल्या बसल्या.



संघप्रियाने मग यादीत पाहिलं. तो तास मोकळा असलेली एकच बाई होती. पायल. सहा महिन्यांचं बाळ घरी ठेवून येणारी.

कॉम्प्युटरला नाव नाही, शिक्षकाचा यादीतला नंबर लागायचा; तिने पायलचा नंबर टाकला...

खालच्या मजल्यावर, सातवी बमध्ये, खुर्ची सरकली.

"बाबाजी, खाली कोण आहे?"

"कोन न्हाय, बाई. कुलूप हाय."

तिने नंबर खोडला. आवाज थांबला.

पुन्हा टाकला.

खुर्ची सरकली... आणि फळ्यावर खडू चालू लागला. सावकाश. कुणाचं तरी नाव लिहावं तसा.

तिने घाईघाईने खोडलं. रिकामा ठेवला, तर कॉम्प्युटर पुढे जाईना. भरला, तर...

पाच वाजले. सहा वाजले.

शेवटी तिने गेल्या वर्षीच्या यादीतला जुना नंबर टाकला. चौदा. द्वारकाबाईंचा.

कागदावर तास भरलेला. खरं तर रिकामाच. कुणाच्याच गळ्यात नको.

खाली सगळं शांत झालं.

कॉम्प्युटर ओरडला नाही. प्रिंटर करकरत चालू झाला.

छापील तक्त्यात नावं नव्हती, नुसते नंबर होते. सोमवारी सकाळी शिवदास सरांनी वरवर पाहून सही ठोकली. "बघा! उगाच रडत होता तुम्ही!"

पुढचा शनिवार. शेवटचा तास. संघप्रिया शेजारच्याच पाचवी अ वर होती. कान सगळे सातवी बकडे.

एवढी पोरं, बाई नाहीत, आणि गोंगाट नाही...

घंटा झाली. सातवी बची मुलं रांगेत, मान खाली घालून बाहेर आली. तिने पहिल्याच मुलीला अडवलं. भूमिका नाव तिचं.

"तास कुणी घेतला गं?"

"बाईंनी."

"कुठल्या बाईंनी?"

मुलीने वही उघडली. तांबड्या शाईतली सही. तारीख आजची. वळण द्वारकाबाईंचं.

"बाई म्हणाल्या, या वर्षी मी आहे. पुढच्या वर्षी संघप्रियाबाई घेतील."

तेवढ्यात बाबाजी हसत हसत जिना उतरून आले. हातात लांब पाकीट होतं.

"बाई, पेढे कवा? तुमची ऑर्डर आली. कायमची!"

तिने पाकीट घेतलं नाही.

तिच्या पाठीमागे, रिकाम्या सातवी बमध्ये, कुणीतरी खुर्ची सरकवून जागा करून दिली...