एकशे चौदा नंबरचा बिल्ला

सुतकात बाईमाणूस सहसा घराचा उंबरा ओलांडत नाही. ही ओलांडून आली होती, म्हणजे पाणी डोक्यावरून गेलं असणार, एवढं जोतीरामलाही कळलं.

जोतीराम पोलिसातून हेड कॉन्स्टेबल म्हणून निवृत्त झालेला. घरी बसून बायकोची बोलणी खाण्यापेक्षा वाशीला गीतांजली टिपणीसांच्या ऑफिसात चहा पिणं त्याला परवडत होतं. टिपणीसबाई ठाण्याच्या लेबर कोर्टात पंधरा वर्षं स्टेनो होत्या. लोकांचं खोटं शॉर्टहँडमध्ये उतरवून कंटाळा आला, म्हणून ही तपासाची एजन्सी काढली, असं त्या सांगत.

समोर बसलेली गोजरा पावणे गावची. तिचा नवरा पंढरी मंगळवारी गेला होता. आज शनिवार.

"त्याला चोर बोलतान," ती म्हणाली. "माजी पोरां दारात खेलाला जात नाय. मना दुसरा काय नको, बाई. त्याच्या नावावरचा डाग पुसा."

हकीकत सरळ होती. रंगदीप ही रंग बनवणारी फॅक्टरी. तिच्या मागच्या भिंतीजवळच्या पॅनेलरूममध्ये पंढरी शॉक लागून मेलेला सापडला, हातात पक्कड, शेजारी तांब्याची तार. कंपनी आणि ठेकेदार दोघांचं म्हणणं एकच. पंढरी तीन आठवडे ब्रेकवर होता, कामावर नव्हताच. भिंतीवरून उडी मारून तांबं चोरायला आला आणि जिवाला मुकला.

"ब्रेकवर म्हंजे सुट्टीवर?" जोतीरामनं विचारलं.

"ही सुट्टी मागून मिळत नाही, लादतात," बाई म्हणाल्या. "ठेक्यावरच्या माणसाचे वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले की तो कायम होण्याचा हक्क सांगू शकतो. म्हणून ठेकेदार त्याला आधीच घरी बसवतो. त्यात यंदा रंगदीपनं युनियनशी करार केलाय. एकतीस मार्चला ज्याच्या नावावर दोनशे चाळीस दिवस, तो कायम. कायदा माणसाच्या बाजूनं एक पाऊल सरकला की ठेकेदार कॅलेंडर घेऊन बसतात."

"दोनशे एकतीस झाले व्हते त्याचे," गोजरा म्हणाली. "घरी बसवलाय ते मना बोललाच नाय. रोज सातला डबा घेऊन जायचा."

"मंगळवारीसुद्धा?"

"व्हय. चपला घालून गेला. टाचा सोलल्या व्हत्या, तीन आठवडे बूट लागत व्हते. आदी कदी लागले नाय. मी माज्या हिरव्या लुगड्याची चिंधी फाडून दोनी टाचांना बांदली."

"आणि घरी आणलं तेव्हा?"

"अनवानी. चपला नाय, डबा नाय, चिंध्या पन नाय." ती थांबली. "मी आंघोल घातली."

"पाण्याचा रंग आठवतो?"

जोतीरामला हा प्रश्न फार निष्ठुर वाटला. गोजरा मात्र लगेच बोलली. "पायांचा पानी निवल गेला. हातांचा लाल. रोज निला जायचा, त्या दिशी लाल."

बाईंनी लिहून घेतलं. जाता जाता गोजरानं भावाचं सांगितलं. मिथुन त्याच फॅक्टरीत ठेक्यावर, बिल्ला नंबर एकशे चौदा, यंदा कायम होणाऱ्यांच्या यादीत नाव लागलेला. "म्हैना झाला, कावील झालीय त्याला. उसाचा रस पिऊन दिस काढतोय, पर एक खाडा नाय करीत. गुनाचा हाय माजा भाव."

ती गेल्यावर जोतीराम म्हणाला, "बाई, राग मानू नका, पर पोटाला चिमटा बसला की चांगला मानूसबी भिंतीवर चढतो. तीस वर्षं बगितलंय म्या."

"तीस वर्षं पाहिलंत, म्हणून पंचनामा तुम्हीच आणा."

ज्ञानू हवालदार त्याच्याच हाताखाली तयार झालेला, त्यानं नक्कल दिली. 'पायांत काही नाही. तळवे स्वच्छ. दोन्ही टाचांवर उघडे फोड. धंदा: काही नाही.' असे कागद जोतीरामनं स्वतः शेकड्यांनी लिहिले होते. त्याला त्यात वावगं काही दिसलं नाही.

*

रंगदीपचे पर्सोनेल ऑफिसर निशांत सबनीस सौजन्यानं बोलत होते आणि घड्याळ बघत होते.

"कंपनीला नाहक टेन्शन, मॅडम. वर्षभर इथं ब्लू चाललं. एक्स्पोर्टची रेड बॅच सोमवारीच लागली आणि मंगळवारी हे. फॅक्टरी इन्स्पेक्टरनं प्लांट बंद केलाय, एकतीस मार्चपर्यंत सुरू होणार नाही. रेडच्या ड्रमला मी नुसतं बोट लावलं, हे बघा." नखाच्या कडेला कुंकवासारखी रेघ होती. "पंधरा दिवस निघत नाही म्हणतात."

"मेलेला माणूस पंढरी आहे, हे कुणी ओळखलं?"

"ठेकेदारानं. आप्पांनी. हे बघा, मॅडम, मी चेहरे ओळखत नाही. माझ्याकडे फक्त नंबर येतात. याच्या छातीवर बिल्ला नव्हता, म्हणजे तो आमचा नव्हता."

"एकशे चौदा नंबरचा मिथुन मंगळवारी हजर होता?"

सबनीसांनी रजिस्टर उघडलं. "हजर. महिन्यात एकही खाडा नाही. दोनशे शेहेचाळीस दिवस भरलेत."

पॅनेलरूमपर्यंतची मागची वाट निळ्या गाळानं बरबटलेली होती. पाच मिनिटांत जोतीरामचे कॅनव्हासचे बूट निळे झाले. घरी काय ऐकावं लागेल, या काळजीत तो बाहेर पडला.

आप्पा ठेकेदाराचं ऑफिस नाक्यावर होतं. एके काळी याच जागेवर त्याची भातशेती होती. जमीन कारखान्यांत गेली आणि आप्पा कारखान्यांना माणसं पुरवू लागला. माणूस वाईट नव्हता. लोकांच्या लग्नाकार्यात उभा राहायचा.

"तीन आठवडे त्याचं तोंड नाय पाहिलं मी," आप्पा म्हणाला. "मंगळवारी पाच वाजता पोलिसांनी बोलावला तवा गेलो. चादर सारून चेहरा दाखवला, मी ओलखला, झाला."

"सराईत चोर होता का?"

"कसला सराईत, बाई. टाचांना हिरव्या चिंध्या बांदून कोन भिंती चढतो? पोटासाठी केला बिचाऱ्यानं."

मिथुनच्या दारात एकशे चौदा नंबर घातलेले बूट धुऊन उन्हात ठेवले होते. मागची कातडी टाचेखाली चेपून सपाट झालेली. मिथुन खाटेवर बसला होता. डोळे हळदीसारखे पिवळे, बोटं स्वच्छ, हातात उसाच्या रसाचा पेला. बाई त्या पेल्याकडे बराच वेळ बघत राहिल्या, की बोटांकडे, ते जोतीरामला कळलं नाही.

"मंगळवारी तुम्ही कामावर होतात?"

"व्हतो," मिथुन जमिनीकडे बघत म्हणाला.

"उद्या सकाळी दहाला बहिणीकडे या. हे बूट घेऊन."

रिक्षात जोतीरामनं न राहवून विचारलं, "आप्पानं मारला काय त्याला?"

"कुणीच मारलं नाही, जोतीराम. मारलं असतं तर मला सोपं गेलं असतं."

*

रविवारी दहा वाजता गोजराच्या पडवीत पाच माणसं बसली होती. ज्ञानू हवालदार दाराशी उभा होता. मिथुन कापडी पिशवी मांडीवर घेऊन बसला होता, शेजारी आप्पा, त्यालाही बाईंनी बोलावलं होतं.

बाईंनी आधी गोजराकडे पाहिलं. "मी बोलले तर पंढरींवरचा डाग जाईल. पण या घरातलं दुसरं काहीतरी मोडेल. नंतर ते जोडता यायचं नाही. बोलू?"

गोजरानं भावाकडे पाहिलं. त्यानं मान वर केली नाही. ती म्हणाली, "बोला."

"पंचनामा म्हणतो तळवे स्वच्छ. तुम्ही धुतलेत तेव्हा पायांचं पाणी निवळ गेलं. पॅनेलरूमच्या वाटेवर पाच मिनिटांत जोतीरामचे बूट निळे झाले. अनवाणी चोराचे तळवे कोरे कसे राहतील? पंढरी तिथं बूट घालून गेला. मेल्यावर कुणीतरी ते काढले.

"आता हात. हातांचं पाणी लाल गेलं. लाल रंग सोमवारीच सुरू झाला. म्हणजे सोमवारी किंवा मंगळवारी पंढरी त्या रंगात काम करत होता. ब्रेकवरचा माणूस कुणाच्या नावावर काम करणार? त्याला तीन आठवडे बूट लागत होते, कारण ते त्याच्या मापाचे नव्हते. कातडी चेपून तो त्यात पाय कोंबायचा.

"आणि एकशे चौदा नंबरचा मिथुन. कावीळ झालेला माणूस महिनाभर एकही खाडा करत नाही. सोमवार-मंगळवार हजर, तरी त्याची नखं स्वच्छ. हजर माणसाचे हात कोरे आणि गैरहजर माणसाचे लाल."

जोतीरामच्या डोक्यात आता कुठं प्रकाश पडला, आणि पडला त्याचं त्याला वाईट वाटलं.

"बूट आणि बिल्ला कुणी काढला? कंपनीनं नाही. सबनीसांना चेहरे माहीत नाहीत. बिल्ला छातीवर राहिला असता तर त्यांनी मिथुन मेला असं लिहिलं असतं. चेहरा आणि नंबर जुळत नाहीत हे ज्याला ठाऊक, त्यानंच तो काढला. आप्पा, तुम्हाला फक्त चेहरा दाखवला होता. पंचनाम्यात टाचांचे फोड उघडे आहेत. चिंध्या गोजरानं त्याच दिवशी सकाळी बांधल्या. त्या हिरव्या होत्या, हे तुम्हाला कसं कळलं?"

आप्पाची नजर मिथुनच्या पिशवीवर गेली.

"मिथुन, बूट उलटा करा."

मिथुननं पिशवीतून बूट काढला. टोकापर्यंत हात घातला. ओली, मळकी, हिरवी चिंधी बाहेर आली. गोजरानं ती त्याच्या हातातून घेतली आणि मुठीत धरली.

आप्पानं त्या मुठीकडे पाहिलं. "जेवनाची सुट्टी सपल्यावर गेलो तवा तो पडलेला व्हता. जीव गेलेला. दुसऱ्याचा बिल्ला लावलेला मानूस माज्या ठेक्यावर मेला, म्हंजे लायसन गेला. साठ घरां चालतान त्याच्यावर. जमीन तर आदीच गेली. बूट वडले, चिंध्या आतच ऱ्हायल्या. पक्कड आन् तार मीच ठेवली. बाकी सगला पिशवीत भरला आन् याला दिला. म्हनलो, तू हजर व्हतास. कंपनी तर म्हनतेच, मानसां फिरवत ऱ्हा."

"आणि आणखी पाच-सहा बिल्ले असेच फिरत असणार," बाई म्हणाल्या, "म्हणून एकाही कामगारानं तोंड उघडलं नाही. पंढरी पॅनेलरूममध्ये गेला तो डबा खायला. कॅन्टीनमध्ये कुणी नावानं हाक मारली असती. तिथं पॅनेल उघडं होतं."

"दाजीच बोलला व्हता," मिथुन रडायला लागला. "मी पडून व्हतो. त्यो बोलला, माजा तर कटला, तुजा तरी पुरा करू. घरातला येक तरी कायम हू दे. बाय, मी त्याला चोर व्हताना बगत बसलो."

गोजरा रडली नाही. "बाई, तो कायम झाला आसता का?"

बाईंना हे उत्तर द्यायचं नव्हतं, हे जोतीरामला स्पष्ट दिसलं. "स्वतःच्या नावावर दोनशे एकतीस. मिथुनच्या बिल्ल्यावर तीन आठवड्यांत एकोणीस. अडीचशे. मरायच्या आधी दहा दिवस त्यांचे दोनशे चाळीस भरले होते. कुठल्याच रजिस्टरात नव्हते, एवढंच."

"आन् याचे?"

"रजिस्टरातल्या दोनशे शेहेचाळीसातून एकोणीस वजा. दोनशे सत्तावीस. प्लांट बंद आहे. यादीतून नाव जाईल."

मिथुननं खिशातून बिल्ला काढून ज्ञानूच्या हातावर ठेवला. मग पिशवीत उरलेलं बाहेर काढलं. पितळी डबा आणि चपलांचा जोड. चपला त्यानं उंबऱ्याच्या डाव्या हाताला ठेवल्या, पंढरी काढायचा तिथंच असाव्यात. त्या फेकून द्यायचं धाडस त्याला झालं नव्हतं.

ज्ञानूनं आप्पाला पुढं घातलं. जबाबासाठी मिथुनही निघाला, अनवाणीच.

"थांब," गोजरा म्हणाली. "डांबर तापलाय." तिनं त्याच चपला त्याच्यापुढं सरकवल्या. त्यानं मान हलवली, पण ती तिथून हलेना. शेवटी त्यानं घातल्या. त्या त्याला मोठ्या होत होत्या.

पोलीस ठाण्यात ज्ञानूनं नवा कागद घेतला. मयताचं नाव, वय, पत्ता लिहून झालं. धंदा या शब्दापाशी त्याचं पेन थांबलं. त्यानं जुन्या सवयीनं जोतीरामकडे पाहिलं.

"कामगार लिही," जोतीराम म्हणाला.

भिंतीला टेकून उभी असलेली गोजरा हळूच म्हणाली, "कायम लिवा."

कायद्यात ते बसत नव्हतं. तीस वर्षं जोतीराम कायद्यात बसेल तेवढंच लिहीत आला होता.

"लिही," तो म्हणाला, आणि ज्ञानूनं लिहिलं.