दिव्यांच्या बोळातल्या काचा

हे लिहायला मी मुद्दाम जेवणाआधीची वेळ निवडली आहे. जेवल्यावर हे आठवलं की पोटात अन्न ठरत नाही.

आधीच सांगते, ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या डोळ्यांदेखत घडलेली आहे. पटली तर घ्या, नाही तर सोडून द्या. माझं काही म्हणणं नाही.

अशा गोष्टींत मध्यरात्र असते, हे मलाही माहीत आहे. पण त्या दिवशी भर दुपार होती. बाहेर ऊन रणरणत होतं, नदीवर होड्या चालल्या होत्या.

फक्त आम्ही होतो तिथे ऊन कधीच पोचलं नव्हतं...

आमचा घरचा धंदा साफसफाईचा. जुन्या इमारती, बंद पडलेले कारखाने, आग लागून गेलेली दुकानं. रंगारी येण्याआधी आम्ही जातो. आमचे हे गाडी आणि पाण्याचा पंप सांभाळतात, भाऊजी शिडीवरची कामं करतात. काचा माझ्याकडे आणि माझ्या धाकट्या जावेकडे.

धाकटीला तेव्हा चौथा महिना होता. आधीची दोन राहिली नव्हती. घरात त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे, पण ती जिना उतरायला लागली की सगळ्यांचे कान तिकडे. एकटी राहिली की घर तिला खायला उठायचं. म्हणून मीच भाऊजींना म्हटलं, येऊ दे तिला माझ्याबरोबर. हलकं काम देईन. तिची जबाबदारी माझी.

भाऊजींनी तिची पिशवी उचलून गाडीत माझ्या शेजारी ठेवली.

काम नदीकाठच्या एका किल्ल्याचं होतं. किल्ला म्हणजे उंच डोंगर आणि बुरूज असं काही नाही. हा एकोणिसाव्या शतकातला. बुटका, रुंद, नदीच्या वळणावर बसकण मारून बसलेला. पाण्याकडची बाजू अर्धगोल. आत ओळीने खोल्या, प्रत्येक खोलीला एका तोफेपुरतं भगदाड आणि त्याला लोखंडाची ढाल. जमिनीत लोखंडी रूळ कमानीसारखे वाकवून बसवलेले, म्हणजे अवजड तोफ डावीउजवीकडे फिरवता यावी. समोरच्या काठावर ह्याचा जुळा भाऊ. शत्रूचं जहाज मधे शिरलं की दोघांनी दोन्हीकडून भाजून काढायचं.

जहाज कधी आलंच नाही. किल्ला बांधून होईपर्यंत जहाजांचं पोलाद जाड झालं आणि तोफा जुन्या झाल्या. सैनिक मात्र पिढ्यान्‌पिढ्या तिथे बसून राहिले. ओलीशी आणि कंटाळ्याशी लढत.

हे सगळं देखरेखीवरच्या साहेबांनी चहा घेताना सांगितलं. पोटच्या पोराचं कौतुक करावं तसं ते त्या भिंतींचं करायचे. त्यांचा सगळ्यात लाडका भाग म्हणजे जमिनीखालचं दारूकोठार. बंदुकीच्या दारूची पिंपं तिथे असायची. एक ठिणगी पडली तर अख्खा किल्ला नदीत. म्हणजे दिवा आत न्यायचा नाही. मग अंधारात पिंपं हलवायची कशी?

तर कोठाराच्या भिंतीपलीकडून एक अरुंद बोळ काढलेला. भिंतीत जाड काचांच्या खिडक्या, कायमच्या बंद. दिवेवाला बोळातून जाऊन काचेमागे दिवा ठेवायचा आणि उजेड कोठारात पडायचा. कोठारातून बोळात जायला दार नाही. बोळाचा जिना वेगळा, दार वर चौकात. दिवेवाला आत असेपर्यंत त्या दाराला बाहेरून कुलूप.

"कुलूप कशाला?" धाकटीने विचारलं.

पेटता दिवा घेऊन तो भलतीकडे जाऊ नये म्हणून, असं साहेब म्हणाले. पहारा बदलेपर्यंत तो आतच. दिव्यांत जनावरांची चरबी जळायची. रसद आटली की दिवेवाले तीच चाटायचे, म्हणून तिच्यात डांबर कालवायचा हुकूम निघाला होता.

"तरी चाटायचेच," साहेब हसत म्हणाले आणि त्यांनी बिस्किट चहात बुडवलं.

मी माझं बिस्किट खाली ठेवलं.

कोठारात खवट वास भरला होता. न घासलेला तवा, ओले केस आणि नाव न घेण्यासारखं आणखी काहीतरी. भिंतींवर ओशट थर. हात लागला की बोटं एकमेकांना चिकटायची. साहेबांकडून कळलं की बोळात हवेची भोकं आहेत. म्हणून मी कोठार घेतलं आणि बोळ धाकटीला दिला.

आमची काच पुसायची एक पद्धत आहे. एकजण अलीकडे, एकजण पलीकडे. डाग आपल्या बाजूने निघाला नाही, तर तो समोरचीचा. मग त्यावर बोट ठेवून टकटक करायचं. ती तिथे फडकं मारते. बोलायची गरज पडत नाही.

पहिली काच स्वच्छ निघाली. फेसातून तिच्या कपाळावरचा दिवा दिसला, मग तिचं तोंड. तिने मला वाकुल्या दाखवल्या.

दुसरी काच स्वच्छ निघाली.

तिसरीला तिचा दिवा हलला. खाली गेला...

आणि विझला.

मी टकटक केलं.

काही नाही.

पुन्हा केलं. थोड्या वेळाने पलीकडून टकटक आली. हलकी, मऊ. नखाशिवायच्या बोटाची असावी तशी. बॅटरी उतरली असेल असं मला वाटलं. माझ्या मागे मोठा दिवा होता, त्याचा उजेड तिला पुरेल. मी चौथ्या काचेकडे सरकले.

पलीकडची काजळी निघायला लागली.

वरून खाली एक पट्टा. हळू. मग त्याच्या शेजारी दुसरा. फडक्याचा पट्टा रुंद असतो, हा तीन बोटांएवढा. फडक्यामागे काच कोरडी होत जाते, ही ओली राहत होती. कडेला बारीक बुडबुडे... आणि त्यांचे तार लोंबत होते.

पट्ट्याभोवतीची काच धुरकट व्हायची. निवळायची. पुन्हा धुरकट व्हायची.

मला तिचा राग आला. एवढं तोंड जवळ नेऊन पुसते आहे, सगळी घाण नाकातोंडात जाईल. पोटात मूल आहे, ह्याचं तरी भान नको?

मी खालच्या कोपऱ्यात टकटक केलं. तो कोपरा लगेच स्वच्छ झाला.

मी वर केलं. तेही झालं.

मग मी टकटक न करता काचेवर नुसतं बोट टेकवलं...

ते बरोबर माझ्या बोटासमोर आलं आणि तिथेच थांबलं. काचेला चपटं चिकटून. राखाडी. मधे उभी रेघ, दोन्ही बाजूंना बारीक पुटकुळ्या, त्यांच्यात काजळी अडकलेली.

ती जीभ होती.

तोंडात आंबट पाणी आलं. गिळलं तर तेही खवट लागलं. पण भीती वाटली ती माझ्यासाठी नाही. त्या बोळात धाकटी होती. मीच तिला पाठवलं होतं.

"ताई."

आवाज मागून आला. धाकटी कोठाराच्या दारात उभी होती. विझलेला दिवा हातात, केस कपाळाला चिकटलेले.

"मला धरलंत आणि लगेच कामाला लागलात पण?" ती म्हणाली. "जरा बसायचं होतं की माझ्याजवळ."

माझ्या पाठीमागे काचेवर एक लांब, ओला आवाज झाला. वरून खाली.

मी खिडकी झाकून उभी राहिले. मग तिचा दंड धरला आणि तिला वर घेऊन आले. मागे वळून पाहिलं नाही.

वर उन्हात तिने सांगितलं ते असं. तिसऱ्या काचेपाशी तिला उमासे आले. ती भिंतीला टेकून वाकली, दिवा पडला, आणि सकाळचं सगळं उलटून पडलं. तेवढ्यात मी मागून आले आणि तिचं कपाळ धरलं. डोळे मिटलेले असल्यामुळे तिने मला पाहिलं नाही. पण दुसरं कोण असणार? बरं वाटल्यावर ती भिंतीला धरून बाहेर आली. चौकात मी दिसले नाही, म्हणून मला शोधत खाली उतरली.

तिच्या कपाळावर ओशट डाग होता. पसरट. मी पदराने पुसला. निघाला नाही. साबण लावला. वास तरी राहिलाच... तव्याचा आणि ओल्या केसांचा.

"अहो, कातडी निघेल माझी," ती हसत म्हणाली.

ओकारी पुसायला कुणीतरी बोळात जायला हवं होतं. भाऊजी निघाले, मी अडवलं. हे काम पुरुषांना सांगू नये, एका ओकारीच्या दोन होतात. मी आमच्या ह्यांना बोळाचं दार धरून उभं केलं. का, ते सांगितलं नाही.

बोळ इतका अरुंद की मला आडवं चालावं लागलं. एका माणसाच्या मागे दुसरा येऊन कपाळापर्यंत हात पोचवेल, एवढी जागाच नव्हती.

तिसऱ्या काचेपाशी बादली खाली ठेवली.

जमिनीवर काही नव्हतं.

चहूकडे दीडशे वर्षांची काळी काजळी, आणि तेवढीच एक जागा पांढरी. दगडाचा मूळ रंग दिसत होता. फटीफटीतली काजळीही गेलेली.

आणि दगड अजून ओला होता...

मी बादली तिथेच सोडून बाहेर आले. ती अजून तिथेच असेल.

संध्याकाळी साहेबांनी काचा पाहिल्या आणि खूश झाले. बोळाकडची बाजू तर लखलखीत आहे म्हणाले. कोणती पावडर वापरता, ते लिहून मागत होते.

धाकटीला मुलगी झाली. पूर्ण दिवसांची, गुटगुटीत. आज ती घरभर धुडगूस घालते. मी धाकटीला कधी काही सांगितलं नाही. काय सांगणार? चार माणसांत बसली की ती मोठ्या कौतुकाने सांगते, सख्ख्या आईनेही केलं नसतं इतकं ताईंनी केलं. लोक माझ्याकडे मायेने बघतात. मी खाली मान घालून ऐकते.

परवा जेवणं झाल्यावर पुन्हा तो विषय निघाला. मुलगी तिच्या मांडीवर झोपली होती. धाकटी तिच्या केसांतून हात फिरवत होती. मधेच थांबून तिने माझ्याकडे पाहिलं.

"एक मात्र मला अजून कळलेलं नाही हो. एका हाताने कपाळ, एका हाताने केस... आणि शिवाय पोट पण खालून धरून ठेवलं होतंत. एकटीने कसं जमवलंत?"

"जमतं," मी म्हटलं.

आणि उठून मोरीत जाऊन हात धुतले. भांडी केव्हाच घासून झाली होती.