मामीचं पोतं

"कुलूप कुठं गेलं?" तिरोमामा गरजला. "आजपासून पुलेच्या एकाही गुराला आपल्या बोअरचं पाणी नाही!"

ओतेंग त्या कुलपावरच बसला होता! "मला काय ठाऊक, मामा?" तो साळसूदपणे म्हणाला.

महिन्याभरात मामाच्या तीन गाई मेल्या होत्या. पाय लुळे पडायचे, जीभ लोंबायची, की संपलं. शेजारच्या पुलेनेच विष घातलं, असं मामाने ठरवून टाकलं होतं. बोत्स्वानाच्या त्या माळावर दुसरं पाणी वीस किलोमीटर लांब होतं. पुलेची गुरं तिथवर पोचलीच नसती.

"पुलेकाका असं करणार नाहीत," बारा वर्षांची मासेगो भावाला म्हणाली. "चल, त्शुमूच्या मागे जाऊ. गाई काय खातात ते तर पाहू."

पांढऱ्या तोंडाची त्शुमू ही गाओनेमामीची लाडकी गाय. मामी गेल्या हिवाळ्यात वारली होती.

"गवत, गवत, पुन्हा गवत!" ओतेंग वैतागला. "आता मीच चरायला लागतो!"

"गप! ऐक!"

कड्! कड्! त्शुमू हाड चघळत होती! शेजारीच मागे मेलेल्या गाईचा सांगाडा पडला होता. ओतेंगने सदरा फडफडवून तिला पिटाळलं.

"मामी रोज पोतं घेऊन हाडं गोळा करायची, आठवतं?" मासेगो म्हणाली. "सगळे तिला गिधाडांची मावशी म्हणायचे!"

दोघं धावत परतली. गोठ्यामागे काट्यांनी झाकलेला खड्डा होता, हाडांनी भरलेला. झोपडीच्या भिंतीवर मामीने कोळशाने लिहिलेला गुरांच्या डॉक्टरांचा फोन नंबर होता. मासेगोने तोच फिरवला.

दुपारी जनावरांच्या डॉक्टर बोगादीताई आल्या. "इथल्या गवतात कस नाही, म्हणून गाई हाडं चघळतात," त्यांनी सांगितलं. "मेलेल्या जनावराच्या हाडांत विष तयार होतं. हाडं पुरा, गुरांसाठी क्षारांचं चाटण ठेवा, लस टोचा. गुरांच्या शिबिरात शिकवलं होतं की मी!"

"गाओने ऐकत होती," मामा खाली बघत म्हणाला. "मी झाडाखाली झोपलो होतो."

गुरांना लस टोचली. पण त्शुमूने हाड चघळलं होतं; तीन दिवस सगळ्यांचा जीव टांगणीला. त्शुमू उभीच राहिली!

मग मामा स्वतः जाऊन पुलेला घेऊन आला. ओतेंगने निमूटपणे कुलूप पुढं केलं.

"चोरा!" मामा हसला. "पोरांनो, माझी गुरं वाचवलीत तुम्ही, आणि शेजारीही."

त्याने खुंटीवरचं मामीचं पोतं खांद्यावर टाकलं. माळावरचं पहिलं हाड उचलताना तो हळूच म्हणाला, "फार उपकार केलेस गं, गाओने. मला कळलंच नाही."


"मामा, हे घे दुसरं!" ओतेंग ओरडला.