पोटातली काळी रेघ

शाकीबला प्रोब धरायला डॉक्टर रूपालीनेच शिकवलं होतं. अमरावतीतल्या त्या खासगी रुग्णालयाच्या अपघात विभागात ती सीनियर, तो अकोल्याच्या जठारपेठेतून नुकताच आलेला. सोनोग्राफीचं मशीन खाटेशेजारी ओढायचं, जखमीच्या पोटाला जेल लावून त्यावर प्रोब फिरवायचा आणि लिव्हर-किडनीच्या मधे बघायचं. आत रक्त साचलं असेल तर पडद्यावर तिथे काळी रेघ दिसते. काम एवढंच. पण शाकीबला ती रेघ सगळ्यांच्या आधी दिसायची.

तिवसा रस्त्यावर भाजीची गाडी उलटली आणि तिच्यातल्या म्हाताऱ्या पार्बताबाईंना आणलं. रूपालीने पाहिलं, पोट स्वच्छ आहे म्हणाली. शाकीबने प्रोब जरासा तिरपा केला आणि रेघ निघाली. म्हातारी वाचली. पुढे तपासणीला आली तेव्हा पिशवीभर संत्री शाकीबसाठी घेऊन आली आणि रूपालीलाच म्हणाली, "त्या पोराच्या हातात देव हाय वं बाई. तुमी त्याच्या हाताखाली काम करता काय?"

रूपाली हसली. आणि तिच्या पोटात दुखलं.

दुसऱ्याचं कौतुक ऐकून पोटात दुखतं, असं आपण नुसतं म्हणतो. हे खरंखुरं दुखत होतं, उजव्या बरगडीखाली. खोली रिकामी होती. तिने सहज स्वतःच्या पोटावर प्रोब टेकवला. लिव्हर, किडनी आणि मधे सुतासारखी बारीक काळी रेघ.

तिने घाबरून शाकीबला बोलावलं. त्याने निवांतपणे पाहिलं आणि म्हणाला, "काहीच नाही मॅडम. जेवल्या नसान तुमी." सीटी स्कॅनही स्वच्छ आला. मात्र प्रोब तिच्या स्वतःच्या हातात आला की रेघ हजर. सर्जन गजेंद्र सरांनी शाकीबची पाठ थोपटली की ती आणखी जाड व्हायची.

मग काही वर्षांनी विभागप्रमुखाची जागा निघाली. ती रूपालीलाच मिळणार, हे सगळे धरून चालले होते. ती तर कधीपासूनच. नाव शाकीबचं आलं. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्या दिवशी रेघ बोटभर रुंद होती. दार लावून तिने प्रोब पोटावर दाबून धरला आणि पुटपुटली, "मलेच काहून? त्याले होऊ दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेता घेता शाकीब मटकन खाली बसला. कुठे पडला नव्हता, मार लागला नव्हता. ओठ पांढरे पडले होते.

"मॅडम, तुमीच पाहा," तो म्हणाला. "तुमच्याच हातावर भरोसा हाय माहा."

तिने जेल लावलं.

रेघ बोटभर रुंद होती.

गजेंद्र सरांनी पोट उघडलं. आत रक्त होतं. ते आलं कुठून, हे कुणालाच सापडलं नाही. शाकीब टेबलावरून परत आला नाही.

रूपाली फार रडली, आणि ते रडणं खोटं नव्हतं. विभागप्रमुखाची जागा तिच्याकडे आली. पोट दुखायचं थांबलं. तिने प्रोब लावून पाहिला. सगळं स्वच्छ होतं.

दिवाळीनंतर हीना नावाची नवी डॉक्टर आली. रूपालीने तिलाही हात धरून शिकवलं. काल एका जखमीच्या पोटात रूपालीला न दिसलेलं रक्त हीनाने दाखवलं. गजेंद्र सर शाब्बास म्हणाले. रूपालीही म्हणाली.

मग तिने खोलीचं दार लावून घेतलं.

रेघ सुतासारखी बारीक होती. बाहेर हीना कुणाशी तरी हसून बोलत होती. रूपालीने प्रोब पोटावर दाबून धरला.