खरवडीचा आवाज

उदबत्तीची राख सरळ खाली गळते. क्वचित एखाद्या काडीची गळत नाही. ती जळता जळता वळते, वेटोळं घालते आणि काडीलाच धरून राहते. काडीच्या लाकडाला आधी कोणतं द्रावण लावलंय, त्यावर ते अवलंबून असतं. मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. मला हे ठाऊक आहे.

आमच्या सायगॉनमध्ये मात्र म्हणतात, राख वळली की मेलेल्या माणसाला घास पोहोचला.

त्या संध्याकाळी शेवटी लावलेल्या एका काडीची राख पुरती वळली. त्याच जुडीतल्या बाकी सगळ्यांची गळून गेली होती. उरलेल्या काड्या मी प्रयोगशाळेत नेऊन तपासल्या...

काहीच फरक नव्हता.

म्हणून हे लिहून ठेवतेय. यातलं काहीही मी रचलेलं नाही. चांद्र पंचांगातल्या सातव्या महिन्याची पौर्णिमा होती. दिवस कलला होता. आम्ही आमच्या भागातल्या जुन्या बुद्धविहारात होतो. कुंपणापलीकडे स्कूटरींचा लोंढा वाहत होता, फाटकाशी लॉटरीची तिकिटं विकणारी बाई ओरडत होती. भीती वाटावी असं तिथं काहीच नव्हतं.

आजही जेवायला बसले की मी भाताला आधी बोट लावून बघते.

आई माहेरी गेली होती. परतताना नदीच्या मुखाशी नाव उलटली. बाकीचे सगळे सापडले, कुणी जिवंत, कुणी मेलेले.

आई सापडली नाही.

बाबांनी तिचा फोटो देवघरात ठेवू दिला नाही. विहारात दिवंगतांच्या दालनातही नाही. रोज जेवताना ते तिची वाटी मांडायचे. भात वाढायचे, शेजारी चॉपस्टिक ठेवायचे. उदबत्ती मात्र नाही. उदबत्ती मेलेल्यांसाठी. आमचं जेवण झालं की तो भातही तेच खायचे. "अन्न वाया घालवू नये," म्हणायचे.

माझा धाकटा भाऊ खांग चिडायचा.

"ताई, तू तरी सांग त्यांना. आईचं दिवसकार्य करून टाकू या."

"पुरावा नाही, खांग."

"पुरावा? ही काय तुझी पाण्याची बाटली आहे?"

बाबांनी एकदा मला स्पष्टच सांगितलं होतं, "तू शिकलेली आहेस, हान. उगाच बोलणारी नाहीस. तू म्हणालीस, तर मी मानेन."

तेव्हापासून सगळं माझ्याच जिभेवर येऊन थांबलं होतं.

मग एका संध्याकाळी आईच्या वाटीला माझा हात लागला...

भात गार होता.

एकाच भांड्यातून, एकाच वेळी वाढलेला. आमच्या वाट्यांतून वाफ येत होती. आईच्या वाटीतून नाही. मी वाट्या बदलून पाहिल्या, जागा बदलल्या. पंखा बंद केला. प्रयोगशाळेतून तापमापक आणला.

आईच्या नावाने वाढलेला भात वाढता वाढताच गार व्हायचा.

आणि मग तो आवाज...

खर्र... खर्र...

भांड्याच्या तळाची खरवड काढतात ना, तसा. आई आम्हाला वरचा भात वाढायची आणि स्वतः खरवड खायची. उभ्यानं, चुलीपाशी. पण आता आमच्याकडे विजेचा कुकर आहे. त्यात खरवड धरतच नाही. आईचं जुनं ॲल्युमिनियमचं पातेलं कागदात गुंडाळून फळीवर ठेवलेलं.

मी ते उतरवून पाहिलं. कागदाची घडी मोडलेली नव्हती.

बाबा मात्र वाळत चालले. दोन वाट्या भात खाणारा माणूस, आणि सदरा खुंटीवर अडकवल्यासारखा अंगावर लोंबायचा. डॉक्टरांनी सगळं तपासलं. रक्त ठीक, पोट ठीक. शेवटी ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "असंच चाललं तर हातात फार दिवस नाहीत. ते जेवतात ना नक्की?"

जेवत होते. माझ्या डोळ्यांदेखत जेवत होते.

फक्त त्यांच्या अंगी लागत नव्हतं.

त्या पौर्णिमेला बाबा आमच्या खांद्यांवर हात टाकून विहारात आले. फाटकाशी विहाराची सेवा करणाऱ्या साऊ मावशी फुलांच्या दोन टोपल्या घेऊन बसलेल्या. या दिवशी विहारात येणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर गुलाब लावतात. आई असेल त्याला लाल, नसेल त्याला पांढरा. साऊ मावशी वर्षानुवर्षं तो एकच प्रश्न विचारतात.

"आई आहे?" त्यांनी पुढच्या पोराला विचारलं.

"आहे ना."

"मग लाल घे. आणि घरी गेल्यावर तिची भांडी घास, नुसता फोटो काढून टाकू नकोस मोबाइलवर."

सगळे हसले. बाबांनी पांढरं घेतलं. त्यांची आई, माझी आजी, जाऊन जमाना झाला होता. मग आमची पाळी आली.

मी नेहमीसारखा लाल टोपलीकडे हात केला.

त्याच वेळी खांगनं पांढऱ्या टोपलीकडे.

मावशींनी दोन्ही टोपल्या मागे ओढल्या.

"हे काय? एका आईची दोन लेकरं, आणि फुलं दोन रंगांची? लोक हसतील रे. आधी घरात ठरवा, मग या."

"माझं ठरलंय," खांग म्हणाला.

"पण हिचं कुठं ठरलंय? थोरली ती आहे."

आम्ही दोघं फुलाशिवाय आत गेलो. सगळ्या अंगणात रिकाम्या छातीचे आम्ही दोघंच होतो.

अंगणात बेवारस आत्म्यांसाठी पंगत मांडली होती. ज्यांचं कुणी नाव घेत नाही, त्यांच्यासाठी. मीठ, तांदूळ, रताळी, आणि पातळ पेजेनं भरलेलं एक मोठं झाकलेलं पातेलं. भुकेल्या आत्म्यांचे गळे सुईसारखे असतात म्हणे, पेजच उतरते. समोर भिक्खुणी पाठ म्हणत होत्या. कुंडातल्या उदबत्त्यांची राख सरळ गळत होती.

पाठ संपला.

घंटेचा नाद विरला.

आणि माझ्या लक्षात आलं... स्कूटरींचा आवाज येत नव्हता. रस्ता दिसत होता, वाहत होता. पण आवाज नव्हता.

मग...

खर्र... खर्र...

कुणीच मान वळवली नाही. फक्त खांगनं माझा दंड धरला.

"ताई... तुलाही?"

"तू काय ऐकलंस ते आधी सांग."

"खरवड."

मी पातेल्यापाशी गेले. जवळ कुणी नव्हतं. झाकण उचललं. पेज काठोकाठ भरलेली, वर धरलेली साय कुठंही फाटलेली नव्हती.

आणि आवाज तळातून येत होता.

मी बोट बुडवलं. ती पेज थोड्या वेळापूर्वी चुलीवरून उतरवताना मी स्वतः पाहिली होती.

बर्फासारखी गार होती.

मागे बाबा पायरीच्या कठड्याला धरून उभे होते.

"ती इथं आहे, हान. परक्यांच्या पंगतीत उभी आहे. दारातल्या कुत्र्यालासुद्धा जिनं कधी उपाशी जाऊ दिलं नाही, ती... इथं मागून खातेय."

"बाबा, बसा आधी."

"तिला रोज वाढतो ना मी! रोज वाढतो!"

त्यांनी पंगतीशी ठेवलेली उदबत्त्यांची एक फोडलेली जुडी उचलली, एक काडी पेटवली. "जिथं असशील तिथं, गं," ते पुटपुटले.

काडी विझली.

दुसरी पेटवली. विझली. वारा नव्हता. शेजारच्या कुंडात त्याच जुडीतल्या काड्या शांत जळत होत्या. खांगनं हातांचा आडोसा केला. तिसरीही विझली.

बाबांचं ओरडणं ऐकून साऊ मावशी आत आल्या होत्या.

"भाऊ, जिवंत माणसाला उदबत्ती लावत नाहीत," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आणि मेलेल्याला लावायची, तर तो मेला असं आधी तोंडानं म्हणावं लागतं. त्याशिवाय घास पोहोचत नाही. तुम्ही वाढलंत, ती बसली, आणि उपाशीच उठली. रोज."

बाबा पायरीवर हळूच घसरले. मी त्यांचा हात धरला...

हात त्या वाटीसारखा गार होता.

खर्र... खर्र... आता जोरात. घाईघाईनं. तळ गाठला आणि काहीच हाती लागलं नाही, तसं.

"ताई!" खांग रडत होता. "बाबांकडे बघ! अजून कसला पुरावा हवाय तुला? बोल ना!"

"नको, पोरी," बाबांनी माझी बाही धरली. पकडीत जोर नव्हता. "तू म्हणालीस, तर ती खरंच जाईल."

माझ्याकडे पुरावा नव्हता. गार भात हा पुरावा नाही. विझलेली काडी हा पुरावा नाही. आवाज तर नाहीच, तो फक्त आम्हा तिघांनाच ऐकू येत होता. आई कुठंतरी जिवंत असेल, आणि मीच तिला माझ्या तोंडानं मारत असेन, तर?

बाबांचा श्वास मोजण्याइतका हळू झाला होता. मी मोजला नाही.

त्यांची बोटं एकेक करून बाहीवरून सोडवली. त्यांना खांगच्या मांडीवर टेकवलं आणि साऊ मावशींसमोर जाऊन उभी राहिले. टोपल्या त्यांच्या काखेतच होत्या.

मागे खरवडीचा आवाज थांबला.

थांबला... जणू कुणीतरी हात आवरून कान देत होतं.

मावशींनी वर्षानुवर्षांच्या सवयीनं तोच प्रश्न विचारला. पण या वेळी माझ्याकडे बघून, हळूच.

"आई आहे?"

"नाही, मावशी. माझी आई गेली. पांढरं द्या."