ढिगाची ऊब

कार्तिकातल्या कोवळ्या उन्हात तोहुरा जलपर्णी वाळत घालत होती. तेवढ्यात कालव्याच्या घाटाला एक होडी धडकली, आणि दोन दिवस सुकवलेल्या पानांवर ओलाचिंब भारा येऊन पडला.

"डोळे घरी ठेवून आलात का, भाई?"

"आणले होते, आपा... आत्ताच कुठेतरी हरवले," होडीवाला तिच्याकडे बघत म्हणाला.

त्याचं नाव मोतालेब. बारिसाल शहराचे कालवे साफ करायच्या कामावर नवीनच लागला होता. तोहुराने हसू दाबलं आणि त्याला खताचा पहिला धडा दिला — "ओली जलपर्णी ढिगात घातली तर ती सडते, तापत नाही. आधी सुकवायची. मग एक थर तिचा, एक शेणाचा, वर राख. आणि फुलं मुळीच नकोत. त्यांचं बी खतातून शेतात जातं, शेतातून परत पाण्यात."

संध्याकाळी तो म्हणाला, "पलीकडे सोडू का?"

"मी पुलावरून जाते."

"पूल तर पार बाजारापाशी आहे!"

ती चालू लागली. तीन वर्षांत तिने होडीत पाऊल टाकलं नव्हतं.

मोतालेब रोज येई. भारा अलगद ठेवी, काहीबाही बोलून तिला हसवी. एके सकाळी मात्र त्याची होडी जांभळ्या फुलांनी भरली होती.

"ढिगासाठी नाही. तुमच्यासाठी..."

तोहुराचा चेहरा उतरला.

"माझा हारुन या जलपर्णीखालीच गेला," ती हळू म्हणाली. "धाकटा भाऊ. अडकलेली होडी सोडवायला उतरला होता. वर अशीच फुलं होती... संध्याकाळपर्यंत सापडला नाही."

मोतालेब खाली बसला आणि एकेक फूल खुडू लागला. दुपारची अजान झाली, तरी तो खुडतच होता. फुलं सुकल्यावर त्याने ती जाळली आणि राख तिच्यापुढे ठेवली.

"ही चालेल ना, तोहुरा?"

आज ताई म्हणणारं 'आपा' नव्हतं. तिने ते ऐकलं... आणि राख थरावर पसरली.

आठवड्याने तिने ढिगाच्या पोटात खोचलेली लोखंडी सळई उपसली. ढीग तापला की नाही, हे सळईवरूनच कळे. चटका बसला.

"बघू!" मोतालेबने सळई पकडली. "माझं घर नदीपलीकडे आहे. अम्मा सून बघायला आतुर झालीय. पण... तिकडे पूल नाही."

तोहुराने सळई आपल्याकडे ओढली.

"सळई सोडा. हात भाजेल."

"होडीत बसाल?"

"सोडा म्हणते ना!"

"आधी सांगा."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तरी मूठ सुटत नव्हती. तोहुराने कालव्याकडे पाहिलं. वळणापर्यंत आता जलपर्णीचं एकही पान उरलं नव्हतं. पाण्यात आभाळ उतरलं होतं.

"बसते," ती म्हणाली.

शेवटच्या पायरीवर ती थांबली. मोतालेबने हात पुढे केला नाही. त्याने भाजल्या तळव्याने घाटाचा खांब कवटाळला, दुसऱ्या हाताने होडी घट्ट धरली...

तोहुराने पाऊल टाकलं. होडी हलली नाही.