जाड तार

आमचे थोरले दीर योगराजजी रात्री अंगणात खाटेवर बसले, की मुले ही हकीकत हट्टाने मागून घेतात. ते वीजखात्यातून निवृत्त झालेले. ज्याच्यावर हा प्रसंग आला, तो लाइनमन उमेंद्र त्यांच्याच हाताखाली शिकलेला. त्यांनी सांगितले तसेच लिहिते.

दिनांक २७ एप्रिल २०२५, रविवार, चैत्र अमावास्या. दवनीवाड्याच्या शिवारात उन्हाळी धान पाण्यावर आले होते आणि त्या आठवड्यात शेतीची वीज रात्रीची होती. मोटारी सुरू झाल्या नि थोड्याच वेळात बंद पडल्या. मुख्य वाहिनीवरून शेतांकडे अकरा हजार व्होल्टची शाखा जेथे फुटते, त्या खांबावरचा फ्यूज उडाला होता. उमेंद्र निघाला तो नेहमीच्याच कामाला.

खांबाशी शेतकरी हिरालाल बॅटरी घेऊन उभा होता.

"बारीक तार नको लावू, भाऊ. मोटारींच्या लोडनं रोज उडून राहिली. जाड घाल, झंझट खतम!"

"नियमात बसत नाही, काका."

"नियम धानाले पानी देते का? तुझी काकी शामकला कधीची धानाच्या बांधीत उभी आहे, पानी फिरवायले."

फ्यूज उडाला, की आधी सगळी तार पायी चालून पाहावी, असा दंडक आहे. परंतु रोज मोटारींच्या भाराने उडणारा फ्यूज आजही त्यानेच उडाला, असे उमेंद्र धरून चालला. त्याने खालचा खटका पाडला, कुलूप लावले आणि तो चढला. जाड तार गुंडाळली. शेवटचा वेढा राहिला होता.

"कोनती तार लावून राहिला?"

"जाडच लावतो, काका."

"मी कुठी बोललो बे?" खालून हिरालाल म्हणाला.

उमेंद्रचा हात थांबला. खरेच... आवाज वरून आला होता.

वर खांबाचे टोक. त्यावर काळोख.

"जाड तारेनंच मी गेलो, बाबू..."

आवाज ओळखीचा होता. याच शिवारातल्या दुधरामचा. मागच्या उन्हाळ्यात याच शाखेची तार तुटून बांधीतल्या, म्हणजे धानाच्या वाफ्यातल्या, पाण्यात पडली होती. कोणीतरी फ्यूजच्या जागी जाड तार बांधलेली. ती वितळली नाही. वीज वाहत राहिली. दुधराम पाण्यात उतरला...

"भिऊन राहिला का? लाव न!" हिरालाल खालून ओरडला.

उमेंद्रने तार सोडवली. खाली उतरला.

"आधी लाइन पाहू. चला."

हिरालाल पुटपुटत मागे निघाला. एक खांब. दुसरा. पुढे बॅटरीचा उजेड अडला.

तार पाण्यात पडली होती.

आणि त्याच पाण्यात, घोटे बुडवून, शामकला उभी.

"आली का लाइन?" तिने विचारले.

हिरालालने तिचा हात धरून तिला बांधावर ओढले.

दुसऱ्या दिवशी, वैशाखातल्या पहिल्याच दुपारी, योगराजजी स्वतः तो खांब पाहून आले. वर चढलेल्या उमेंद्रचाही हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर, लोखंडावर, चिखलाने माखलेल्या हाताचा पंजा उमटलेला होता. खांब उन्हाने पोळत होता.

चिखल ओला होता.